खाडीकाठच्या खारट भाज्या : मोरस, माचूळ, धापा आणि मंडळी

खाडीकाठची

पाऊस पडला रे पडला की इथे टाकळा, कुर्डू, फोडशी, शेवळं, भारंगी यांचे धागे वर येतात. या सगळ्या डोंगरउताराच्या नाहीतर माळावरच्या भाज्या. भरतीच्या पट्ट्यात, मिठागरांच्या बांधांवर आणि पुळणीवर जे उगवतं, जे आगरी-कोळी घरांत पिढ्यान्‌पिढ्या शिजतं, त्यावर मात्र शोधूनही काही सापडेना. म्हणून हा धागा. मी उरण-पेण पट्ट्यातली, त्यामुळे मला माहीत आहे ते मुख्यतः रायगडचं. वसई, दापोली, मालवण, गोवा इकडच्यांनी भर घालावी.

आधी मोरस, कारण ती आमच्याकडची राणी. खारफुटीच्या अलीकडच्या चिखलात, उघाडीच्या (खाडीच्या बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या) आसपास, बंद पडलेल्या मिठागरांत ती गालिच्यासारखी पसरते. रोप वीतभर ते गुडघ्याएवढं. पान बारीक, लांबट, मांसल, वरच्या अंगाने किंचित चपटं आणि खालून गोलसर. फुलं इतकी बारीक आणि हिरवी की लक्षातच येत नाहीत. पावसात आणि त्यानंतर थंडीपर्यंत कोवळे शेंडे मिळतात. पावसाच्या गोड्या पाण्याने चिखलातला खार उतरलेला असतो, म्हणून तेव्हाची भाजी सौम्य. पुढे ऊन चढलं, चिखल तडकायला लागला की रोप लालसर-जांभळं पडतं, देठ काडीसारखे होतात, खारटपणा नको इतका वाढतो. त्या मोरसला आमच्याकडे कोणी हात लावत नाही.

करायची पद्धत. शेंडे खुडून आणायचे, जून देठावरची पानं ओरबाडून घ्यायची, देठ टाकायचे. भरपूर पाण्यात तीन-चारदा धुवायचं, कारण पानांच्या बेचक्यांत गाळ अडकतो आणि तो दातांखाली आला की पुढचं सगळं फुकट. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळलं की त्यात मोरस टाकायची, पाच-सात मिनिटं उकळायची, चाळणीत ओतायची आणि गार झाली की मुठीत घट्ट पिळायची. आता एक पान खाऊन बघायचं. अजून खारट असेल तर पुन्हा नव्या पाण्यात एक उकळी. मग तेलावर ठेचलेला लसूण, भरपूर कांदा, हिरवी मिरची, हळद. त्यावर भाजून, धुऊन घेतलेला सुका जवळा. जवळा परतला की पिळलेली मोरस, दोन आमसुलं, झाकण ठेवून एक वाफ, वरून ओलं खोबरं. मीठ नाही. अगदी शेवटी चव बघून लागलंच तर चिमूट, आणि ते बहुतेक लागत नाहीच. सोबत तांदळाची भाकरी.

ज्यांच्याकडे मासळी चालत नाही त्यांनी जवळ्याच्या जागी भिजवलेली मुगाची डाळ घालावी. डाळ खारटपणा ओढून घेते. डाळ अर्धवट शिजवून मगच मोरस घालायची, नाहीतर मोरस लगदा होते आणि डाळ कचकच करते. चण्याच्या डाळीचीही करतात, पण माझ्या मते मूगच बरा. ओल्या करंदीबरोबरची (छोट्या कोळंबीबरोबरची) मोरस हा वेगळाच प्रकार, तिथे आमसूल थोडं जास्त.

माचूळ म्हणजे कांड्याकांड्यांचं, पानं नसल्यासारखं दिसणारं रोप. हीही मिठागरांच्या कडेला. आमच्याकडे मोरसइतकी खात नाहीत, पण कोवळी टोकं नुसती उकळून खोबरं-मिरचीत परतली की छान कुरकुरीत लागतात. मधली शीर जून झाली की दोऱ्यासारखी दातांत येते, तेव्हा फक्त बोटभर शेंडा.

धापा पुळणीवर आणि खाडीच्या बांधावर सरपटतो. देठ लालसर, पानं जाड, लांबट, समोरासमोर आणि फूल गुलाबी, चांदणीसारखं. घोळीचाच थोराड भाऊ वाटतो, पण घोळीचं फूल पिवळं. उकळून, पिळून, ताकातली भाजी करतात तशी बेसन लावून केली तर बरी होते. पुळणीवरचा आणखी एक वेल सगळ्यांना दिसतो तो मर्यादवेल, शेळीच्या खुरासारखं पान आणि जांभळी फुलं. तो खायचा नाही. तो वाळू धरून ठेवतो, त्याला ते काम करू द्यावं.

आता जे सांगण्यासाठी खरं तर धागा काढला ते. डोंगरावरची भाजी घेताना आपण पान कोणतं ते बघतो. खाडीची भाजी घेताना आधी खाडी कोणती ते बघायचं. ही झाडं खारं पाणी पिऊन त्यातलं मीठ पानात साठवतात म्हणून तर खारट लागतात. ज्या पाण्यात कारखान्याचं सांडपाणी, गटार, बोटींचं तेल आहे, तिथली मोरसही तेच पाणी पिते. शिसं, कॅडमियमसारखे जड धातू अशा झाडांत साठू शकतात आणि उकळून-पिळून त्यांची हमी देता येत नाही. मीठ निघतं म्हणून सगळंच निघतं असं समजू नका. ठाणे खाडी, मिठी नदीचं मुख, शहराच्या नाल्यांची तोंडं, औद्योगिक वसाहतींच्या खाड्या इथली मोरस कितीही हिरवीगार दिसली तरी नको. बाजारात वाटे लावून बसलेल्या मावशीला "खयची गं?" एवढं विचारलं तर ती सांगते. तिलाही फरक माहीत असतो, तिच्या घरीही तीच शिजते.

आता तुमच्याकडचं येऊ द्या.


पुळणकर

वा! बऱ्याच दिवसांनी कामाचा धागा.

आमच्या मालवण-देवबाग बाजूक मोरस कोण खाताना बघूक नाय, पण घोळ आणि घेटुळी मात्र वाळवेत मायंदाळ गावता. घेटुळी म्हणजे पुनर्नवा. पयल्या पावसानंतर कोवळी पाना खुडतत, कांदो-लसूण आणि खोबरा घालून सुकी भाजी. पाना जून झाली की तुरट लागता, मगे नको. घोळीक आमची आजी तुरीच्या डाळीत घाली आणि वरसून सोलां. आंबट घोळ आणि आंबट सोलां, दोन्ही कित्याक, असा कोण विचारी तर ती म्हणा, करून बघ आणि मगे बोल.

(प्रमाण मराठीत : घोळ स्वतः आंबटसर, तरी सोलं घालतातच. आणि ते जमतं.)

घोळीबद्दल एक सूचना. पुळणीवर तिच्यासारखं दिसणारं वसू नावाचं तण असतं, काही ठिकाणी त्याला पांढरी घेटुळी म्हणतात. त्याच्या समोरासमोरच्या जोडीतलं एक पान मोठं, एक लहान. फूल पांढरट-गुलाबी. कोवळं खातात काही ठिकाणी, पण जून खाल्लं तर पोट बिघडतं. दुसरं म्हणजे दुधी तणाच्या (दुधी भोपळा नव्हे) जातीची जमिनीलगत पसरणारी तणं. देठ मोडून बघा, पांढरा चीक आला तर ती घोळ नाही, सरळ टाकून द्या.


पोपटी_आगरी

ताई, बाकी सगला बरोबर, पन दोन उकल्या? आमचे घरान एकच उकली देतान. दोनदा उकललीव तं मोरसची चवच जातं, मंग गवत खाल्लाव काय नि मोरस खाल्लाव काय! खार लागलाच पायजे थोरा. भाकरीला मीठ नाय घालाचा, झाला.

जवल्याऐवजी सुके बोंबलाचे तुकरे घालून बघा. बोंबील आधी भाजाचं, मंग गरम पान्यान भिजवाचं, काटा काढाचा. आनि बटाटा घालतान त्यांना दंडवत, बटाटा मोरसला मारून टाकतं.


खाडीकाठची

पोपटी_आगरी, एक की दोन उकळ्या हे भाजी कधी खुडली त्यावर आहे. भर पावसातली असेल तर एकच पुरे, हे मान्य. दिवाळीनंतरची असेल तर मी तरी दुसरी देते. भाकरीत मीठ न घालण्याची युक्ती उत्तम, ती मूळ लेखात यायला हवी होती.

बटाट्याबद्दल वाद घालणार नाही. माझ्या सासरी घालतात.


निळी_शाई

मस्त माहिती. मी पुण्यात वाढले, समुद्र फक्त सहलीत बघितलेला, त्यामुळे प्रश्न बाळबोध असू शकतील.

१. रक्तदाब असलेल्यांनी ही भाजी खावी का? घरात सासऱ्यांना मीठ कमी सांगितलंय.
२. पुण्यात कुठे मिळेल?
३. उकळलेलं पाणी टाकून न देता आमटीत वापरलं तर? तेवढीच जीवनसत्त्वं.


बीजांकुर

निळी_शाई, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : अजिबात नको. ते पाणी म्हणजे मिठाचं पाणी. शिवाय मोरस ही पालक आणि चाकवताच्या कुळातली, त्यामुळे तिच्यात ऑक्झलेटं असतात. ती पाण्यात उतरतात, उकळून पाणी टाकण्याचा तो दुसरा फायदा. मुतखड्याची तक्रार असलेल्यांनी घोळ आणि धापाही जपूनच खावा.

पहिल्या प्रश्नाबद्दल : उकळून-पिळूनही सोडियम उरतंच, चवीला कळतं तेवढं तर नक्कीच. ज्यांना मीठ मोजून सांगितलंय त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. "नैसर्गिक मीठ आहे, चालतं" हे वाक्य कोणी म्हटलं तर ऐकू नका. सोडियम ते सोडियमच.

वनस्पतिशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं वाढवतो. मोरस म्हणजे सुएडा, माचूळ म्हणजे सॅलिकॉर्निया, धापा म्हणजे सेसुव्हियम. तिन्ही क्षारसहिष्णू. बहुतेक झाडांना खाऱ्या चिखलात मुळांतून पाणी ओढताच येत नाही, कारण बाहेरचा खार आतलं पाणी उलट खेचतो. ही झाडं सोडियम पेशीच्या मधल्या पोकळीत कोंडून ठेवतात, म्हणजे पेशीच्या चालत्या कारभाराला ते बाधत नाही आणि पाणी मात्र आत खेचलं जातं. पान फुगीर होतं ते त्या साठलेल्या पाण्यामुळे. तिवर या खारफुटीतल्या झाडाची तऱ्हा निराळी, तो पानांवरच्या ग्रंथींतून मीठ बाहेर टाकतो. तिवराच्या पानावर बोट फिरवून चाखा, मीठ लागतं.

भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने याच सॅलिकॉर्नियापासून खाण्याचं वनस्पतिजन्य मीठ तयार करायची पद्धत शोधून काढली आहे. आणि आपण सगळ्यांनीच नकळत या कुळातलं काहीतरी खाल्लेलं आहे. पापडात पडणारा साजीखार पूर्वी गुजरात, राजस्थान, सिंध, पंजाब भागांत अशीच खारी झाडं जाळून, त्यांच्या राखेतून काढत. आताचा पापडखार बहुतेक कारखान्यातला सोडा असतो.


निळी_शाई

धन्यवाद बीजांकुर. म्हणजे सासरे बाद, मी पात्र. पण दुसरा प्रश्न राहिला.


खाडीकाठची

पुण्यात मी बघितलेली नाही. खुडल्यावर दुसऱ्या दिवशी मलूल होते, म्हणून लांब जात नसावी. उरण, पनवेल, पेण, अलिबाग, वसई इथल्या बाजारात सकाळी लवकर. भाजीवाल्यांच्या ओळीत शोधू नका, मासळीबाजाराच्या तोंडाशी जमिनीवर बसलेल्या बायकांकडे बघा. जुडी मोठी दिसते म्हणून एकच घ्याल तर फसाल, शिजल्यावर मूठभर होते.


थेम्सकाठी

इथे इंग्लंडमध्ये या माचूळची बहीण चक्क मासे विकणाऱ्यांच्या दुकानात मिळते. सॅम्फायर म्हणतात, तिचा हंगाम साधारण जून ते ऑगस्ट. पूर्वेकडच्या नॉरफक परगण्यात भरतीच्या दलदली आहेत, तिथली प्रसिद्ध. इथली पद्धत म्हणजे दोन मिनिटं उकळायची, लोण्यात घोळवायची, माशासोबत वाढायची. मी लोण्याऐवजी खोबरेल तेलात मोहरी, कढीपत्ता, सुकी मिरची अशी फोडणी देते आणि वर ओलं खोबरं. गोऱ्या शेजारणीने दोनदा मागून घेतली.

एक दुसरी भाजी सांगते जी आपल्या लोकांना लगेच जमेल. सी बीट. बीटरूट, स्विस चार्ड, साखरेचं बीट या सगळ्यांची ही रानटी पूर्वज. किनाऱ्यावरच्या गोट्यांत आणि बंधाऱ्यांच्या कडेला जाड, चकचकीत पानं असतात. पालकापेक्षा दमदार, शिजून पाणी होत नाही. अळूच्या फतफत्यासारखी करते, चणाडाळ, शेंगदाणे, चिंच-गूळ. खारटपणा मोरसइतका नसतो.

कायद्याचं : इथे स्वतःच्या जेवणापुरतं रानातलं खुडणं चोरी धरत नाहीत, विक्रीसाठी खुडलं तर धरतात. हे १९६८च्या चोरीविषयक कायद्यात आहे. आणि १९८१च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानरोप मुळासकट उपटता येत नाही. त्यामुळे कात्री घेऊन जायचं, वरचा शेंडा कापायचा. काही राखीव किनाऱ्यांवर तेही चालत नाही, फलक वाचायचा.

आणि कोथिंबीर-गाजराच्या कुळातलं, छत्रीसारखी पांढरी फुलं असलेलं काही पाणथळ जागी दिसलं तर मी हात लावत नाही. हेमलॉक वॉटर ड्रॉपवर्ट नावाचं रोप सेलरीसारखं दिसतं, वासही बरा असतो आणि ते जीवघेणं विषारी आहे.


तटस्थ

धागा वाचनीय आहे, पण एक खटकतं. आधीच कांदळवनांवर भराव, डेब्रिज, अतिक्रमण. त्यात आता "रानभाजी टूर" काढणारे लोक चिखलात उतरणार, फोटो काढणार, गोणी भरून नेणार. अशा धाग्यांनी त्यालाच हातभार लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवन तोडीला बंदी घातली, २०१८च्या निकालात ती पक्की केली. त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकाम, भराव नाही. हे धाग्यात कुठेच नाही.


खाडीकाठची

तटस्थ, बंदीबद्दल लिहायला हवं हे बरोबर. मोरस, माचूळ ही खारफुटीची झाडं नव्हेत, त्यांच्या शेजारची रोपं आहेत. पण कांदळवनाचा बराच भाग आता वनखात्याच्या ताब्यात आहे. जिथे फलक आहे, कुंपण आहे, अभयारण्य आहे, तिथे जायचं नाही, खुडायचं नाही. यावर दुमत नसावं.

बाकीच्याला मात्र माझा आक्षेप आहे. भराव मोरस खुडणाऱ्या बायकांनी घातला नाही. आमच्या भागातली किती मिठागरं बंदर, रस्ते, गोदामं, वसाहतींखाली गेली ते समोर आहे. न्हावा-शेव्याचं बंदर १९८९ला सुरू झालं, त्याआधीच्या उरणची खाडी कशी होती ते म्हाताऱ्यांना विचारा. मोरस कमी झाली ती खुडून नाही, चिखलच गेला म्हणून. आणि जो चिखल उरलाय तो "पडीक खारजमीन" म्हणून कागदावर चढतो, कारण तिथे काही उगवतं, कोणी काही खातं, हे बाहेरच्यांना ठाऊकच नाही. गप्प राहून ते ठाऊक होणार नाही.

गोणी भरून नेणाऱ्यांबद्दल तुमची भीती खरी आहे. त्यावर माझं उत्तर एवढंच की शक्यतो स्वतः उतरू नका, विकत घ्या. ज्यांना भरतीची वेळ, चिखलाची खोली, कुठला बांध कोणाचा हे कळतं त्यांनीच खुडावं. आणि आमच्याकडेही मुळासकट कोणी उपटत नाही. शेंडा खुडला की बाजूने दोन फुटतात, एवढं सरळ गणित आहे.


तटस्थ

"विकत घ्या" हे मूळ लेखात वर टाकलंत तर माझा विरोध मागे. भरावाचा मुद्दा मान्य.


पोपटी_आगरी

तटस्थ भाऊ, टूरवाले चिखलान गुडघाभर रुतले की परत येत नाय, काळजी नको.


डोंबिवली_फास्ट

आमच्या इमारतीच्या मागे खाडी आहे. तिथे एक झुडूप आहे, पानं चकचकीत, काही पानं लाल होऊन गळतात, फांदी मोडली की दुधासारखा चीक येतो. आई म्हणते खाडीकडची सगळी पाला-भाजी खाता येते. ही कोणती? फोटो चढत नाहीये.


बीजांकुर

डोंबिवली_फास्ट, लगेच हात धुवा आणि डोळ्यांना लावू नका. वर्णनावरून गेवा वाटतोय. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर तात्पुरतं आंधळेपण येऊ शकतं, कातडीवर फोड येतात. लाकूड तोडणाऱ्यांना हा त्रास माहीत असतो. आणि आईंना नमस्कार सांगून हेही सांगा की खाडीकडची सगळी पाला-भाजी खाता येत नाही. मुळीच नाही.

आणखी एक लक्षात ठेवण्यासारखं, दक्षिण कोकण-गोव्याकडच्यांनी विशेष. खाडीकाठी सुकणू म्हणून झाड असतं, पांढरी सुवासिक फुलं आणि कच्च्या आंब्यासारखं हिरवं फळ. त्याची बी हृदयावर परिणाम करणारं जहाल विष आहे. मुलांना ते फळ खेळायलाही देऊ नये.

फोटो चढला तरी मी फोटोवरून "खा" असं सांगणार नाही. "खाऊ नका" एवढं सांगू शकतो. "खा" म्हणायला झाड हातात घेऊन दाखवणारं माणूस लागतं, आणि ते तिथलंच हवं.


डोंबिवली_फास्ट

बापरे. हात धुतले. डोळ्यांना काही झालेलं नाही. आईला धागा वाचून दाखवला, ती म्हणतेय, लहानपणी वसईला खायचो ती मोरसच तिच्या मनात होती. आणि तशीही ठाणे खाडीची म्हणजे तुमच्या नियमाने बादच.


खाडीकाठची

बादच. आईंना वसईची करण्याची पद्धत विचाराल का? तिथे वेगळं काही घालत असतील तर हवंय.


गंगासागर

नोकरीनिमित्त कोलकात्यात आहे, तिकडची भर. सुंदरबनात केवडा म्हणतात ते आपलं सुगंधी केतकीवालं नव्हे, खारफुटीच्या चिप्पीच्या जातीचं झाड. त्याची आंबट फळं असतात, त्यांची चटणी, लोणचं करतात, डाळीत घालतात. महाराष्ट्राने २०२०मध्ये राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलेली पांढरी चिप्पी याच प्रजातीकुळातली. कोकणात चिप्पीचं फळ कोणी खातं का?

आणि फिलिपिन्समध्ये धापाचं लोणचं घालतात हे तिथल्या सहकाऱ्याकडून कळलं. व्हिनेगर, साखर, आलं, गाजर. दांपालित म्हणतात त्याला.


पुळणकर

चिप्पीचं फळ लहानपणी आंबट म्हणून चघळलेलं आहे, मीठ-मिरची लावून. जेवणात घातलेलं बघितलं नाही. आंबटासाठी आमच्याकडे सोलं, चिंच, बिंबल, करमल इतकं असताना चिखलात कोण उतरणार?

कोणी किनाऱ्यावरच्या उंडीच्या झाडाबद्दल विचारायच्या आधी सांगतो : उंडीच्या बियांचं तेल खायचं नसतं. ते दिव्याला आणि होडीच्या लाकडाला.


शेवळं_काकड

धापाच्या लोणच्याची कल्पना आवडली. आपल्या पद्धतीने कसं घालावं? मोहरी फेसून, लिंबाचा रस, हिरवी मिरची? धापा आधी उकळावा की कच्चाच?


खाडीकाठची

मी घातलेलं नाही, त्यामुळे घरात कसं करेन ते सांगते. उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून लगेच गार पाण्यात, म्हणजे खार उतरेल आणि कुरकुरीतपणा राहील. मग फडक्यावर पसरून पूर्ण कोरडं. फेसलेली मोहरी, हळद, हिंग, लिंबाचा रस, मिरचीचे तुकडे, वरून गार केलेली फोडणी. मीठ न घालता सुरुवात करावी. पण मीठ कमी म्हणजे टिकणार कमी, तेव्हा छोटी बरणी, फ्रीजमध्ये, आणि आठ दिवसांत संपवायची. बारा महिन्यांच्या लोणच्यासारखं माळ्यावर ठेवू नये.


डोंबिवली_फास्ट

आईचं उत्तर आलं. त्यांच्याकडे मोरस उकळून पिळून झाली की बारीक चिरून तांदळाच्या पिठात मळायची, थोडं बेसन, आलं-मिरची, ओवा, आणि त्याचे वडे थापून तव्यावर तेल सोडून दोन्हीकडून खरपूस. पीठ मळायला वेगळं पाणी जवळजवळ लागत नाही, भाजीचा ओलावाच पुरतो. मीठ अर्थातच नाही. ती म्हणते पीठ मळल्याबरोबर वडे टाकायचे, ठेवलं तर पाणी सुटून सैल होतं.


निळी_शाई

हे वडे मी करणार. पुढच्या महिन्यात अलिबागला जातोय. ताई, पावसात जेट्टीवरून उतरल्यावर बाजार सकाळी किती वाजता गाठावा?


खाडीकाठची

पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या बोटी बंद असतात, तेव्हा पुण्याहून येताय तर सरळ पेणवरून गाडीने या. बाजारात आठच्या आत. आणि भरतीची वेळ बघून या. पहाटे मोठी भरती असेल तर त्या दिवशी खुडायला कोणी उतरलेलंच नसतं, मोरस दुपारी येते किंवा येतच नाही. ती मिळाली नाही तर शेजारीच घोळ असेल, ती घ्या. वडे तिचेही होतात, फक्त मीठ घालायला विसरू नका.